‘मागच्या वेळी तू म्हणालास…’ : ‘हॅलो इंटरनेट’ या दोन मित्रांच्या पॉडकास्टचा प्रकरण अभ्यास

जगभरातून पोस्टाने आलेली मतं समोर पडली आहेत. दोन मित्र ती मोजतायत, आणि ही मोजणी हाच त्यांच्या पॉडकास्टचा त्या वेळचा भाग आहे. भागाचं नावही साधंच: ‘टू ड्यूड्स काउंटिंग’, म्हणजे मोजत बसलेले दोन गडी. निवडणूक होती पॉडकास्टचा झेंडा कोणता असावा याची. २०१५ साल संपत आलं होतं. ज्याने हा कार्यक्रम पूर्वी कधीच ऐकला नव्हता, त्याला यात कान देण्यासारखं काही सापडलं नसतं. ज्याने आधीचे पन्नासेक भाग ऐकले होते, त्याचा मात्र निकाल कळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

‘हॅलो इंटरनेट’ हा तो पॉडकास्ट. ३१ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये १३६वा भाग आला आणि मग थांबला. सहा वर्षं, १३६ भाग. हिशोब केला तर साधारण दर सोळा दिवसांनी एक, आणि बहुतेक भाग दीड-दोन तासांचे. पाहुणे बोलवायची पद्धत नव्हती, ठरलेला विषय नव्हता, संगीत नव्हतं, कुठलीही गोष्ट सांगायची नव्हती. दोन मित्र बोलत होते, बस्स. ॲपलने २०१४ मधल्या उत्तम नव्या पॉडकास्टमध्ये त्याची निवड केली आणि ‘द गार्डियन’ने २०१६ च्या पन्नास उत्तम पॉडकास्टमध्ये त्याला घेतलं.

हे प्रकरण निवडायचं कारण सांगतो. ‘दोन मित्र, दोन माईक आणि मोकळ्या गप्पा’ हा साचा आज मराठीतही रुळला आहे. दर महिन्याला कुणी ना कुणी मित्र ‘आपण एवढं भारी बोलतो, रेकॉर्ड का करत नाही?’ असं एकमेकांना विचारतात आणि कामाला लागतात. पाच-सहा भागांनंतर विषय आटतात, मग पाहुणे शोधले जातात, मग भागांमधलं अंतर वाढतं. बंद पडणाऱ्यांना वाटतं की विषय कमी पडले. मला तसं वाटत नाही. ‘हॅलो इंटरनेट’ने विमान अपघातांपासून कॉफीच्या कपाच्या झाकणात खोचायच्या प्लॅस्टिकच्या काडीपर्यंत वाटेल त्यावर बोलून दाखवलं, आणि ऐकणाऱ्याने ते आवडीने ऐकलं. त्या कार्यक्रमाकडे विषयांपेक्षा वेगळी पुंजी होती. ती म्हणजे त्याची आठवण. काय बोललो, कोण चुकलं, कुणी काय कबूल केलं, कशावरून भांडण अर्धवट राहिलं, हे सगळं त्याने सहा वर्षं जपलं आणि त्याच्या व्याजावर तो चालला.

दोघे

एक सी. जी. पी. ग्रे. जन्माने अमेरिकन, राहणार लंडन. पूर्वी लंडनमध्ये भौतिकशास्त्राचा शिक्षक होता. २०११ च्या सुरुवातीला त्याने युनायटेड किंग्डम, ग्रेट ब्रिटन आणि इंग्लंड यांतला फरक समजावणारा एक छोटा व्हिडिओ केला, तो प्रचंड पाहिला गेला, आणि पुढे हेच त्याचं काम झालं. नियम, सीमा, निवडणूक पद्धती असे किचकट विषय तो चार-पाच मिनिटांत उलगडतो. स्वतःचा चेहरा दाखवत नाही. त्याच्या जागी रेघांचा एक माणूस असतो.

दुसरा ब्रेडी हॅरन. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. तिथे वर्तमानपत्रात पत्रकार होता, मग इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बीबीसीत आला. नॉटिंगहॅम विद्यापीठाबरोबर त्याने २००८ मध्ये मूलद्रव्यांवरची ‘पिरिऑडिक व्हिडिओज’ ही मालिका सुरू केली. विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ ज्यांनी पाहिलेत त्यांना ती लगेच आठवेल. ११ नोव्हेंबर २०११ ला, म्हणजे ११-११-११ या तारखेला, त्याने गणितावरचं ‘नंबरफाइल’ सुरू केलं. पुढे तो ब्रिस्टलला राहायला गेला.

दोघेही यूट्यूबवर शिकवण्याचं काम करणारे, म्हणजे वरवर पाहता एकाच गावचे. पण स्वभाव पाहा. ग्रेला सगळ्या गोष्टींमागची यंत्रणा दिसते. खेळात त्याला रस नाही, समारंभ त्याला नकोसे, आपला वेळ कुणी खाल्लेला चालत नाही. ब्रेडीला माणसं दिसतात. क्रिकेट, एव्हरेस्ट, चंद्रावर गेलेले अंतराळवीर, पाळलेली कुत्री, विमानतळावर कुणी आगाऊपणा केला तर त्याचा दिवसभर पुरणारा राग. ग्रे विचारतो, ‘हे कसं चालतं?’ ब्रेडी विचारतो, ‘तुला त्या वेळी काय वाटलं?’ बीबीसीतल्या बातमीदारीची सवय त्याच्या अंगात पुरती भिनली होती, त्यामुळे समोरच्याने उत्तर टाळलं तर तो पुन्हा त्याच दारावर टकटक करायचा.

इथे मला आकाशवाणी मुंबईवरचा ‘पुन्हा प्रपंच’ आठवतो. टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत. ते संवाद लिहिलेले असायचे आणि ‘हॅलो इंटरनेट’मधलं बोलणं लिहिलेलं नव्हतं, हा फरक मोठा आहे. तरी ऐकणाऱ्याच्या मनात जे घडायचं ते सारखंच. एखादा विषय निघाला की त्यावर कोण काय म्हणणार याचा अंदाज घरात बसलेल्यांना आधीच असायचा, आणि तो बरोबर निघाला की आनंद व्हायचा, चुकला तर जास्तच. पात्रं ओळखीची झाली की विषय कुठलाही चालतो. भाजी महागली, पाहुणे आले, छत्री हरवली, काहीही.

म्हणूनच ‘आमचं दोघांचं खूप पटतं, आम्ही पॉडकास्ट करणार’ असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. पटतं ही मैत्रीची गरज झाली. ऐकणाऱ्याला हवी असते ती न पटण्याची जागा, आणि न पटूनही सुरक्षित असलेली मैत्री. ग्रे आणि ब्रेडी एकमेकांना खोडून काढायचे, पण एकमेकांना लहान करत नसत. ब्रेडी त्याच्या बारीकसारीक कुरबुरींचं एक सदरच चालवायचा. कागदाच्या कडेने बोट कापलं की जखम दिसत नाही पण झोंबत राहते, तसल्या तक्रारी. नावही तेच, ‘पेपरकट’. ग्रे त्या शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग एकच प्रश्न विचारायचा, ज्याने तक्रारीचं स्वरूपच बदलून जायचं.

दहा भागांची बोली

सुरुवातीला फक्त दहा भाग करायचं ठरलं होतं. जमलं तर पुढे, नाही तर तिथेच थांबायचं. दोघांनाही आपापली कामं होती आणि पॉडकास्टचं गणित तेव्हा आजच्याइतकं स्पष्ट नव्हतं. ‘सीरियल’ या अमेरिकी पॉडकास्टने या माध्यमाकडे साऱ्या जगाचं लक्ष वेधलं ते २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. हे दोघे त्याच्या आठ-नऊ महिने आधी सुरू झाले होते.

ही दहा भागांची बोली मला फार शहाणपणाची वाटते. दोन मित्रांनी एकत्र काम सुरू करताना सर्वांत अवघड असतं ते थांबायचं कसं हे ठरवणं. मुदत आधीच बांधलेली असली की अकराव्या भागाला दोघांनाही मोकळेपणाने ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता येतं आणि कुणाला कुणाची भीड पडत नाही. पाचव्या भागानंतर एकाला कंटाळा आला तरी तो दहापर्यंत ओढतो, कारण शब्द दिलेला असतो. आणि दहा भाग ओढल्यावर बहुधा आपला आवाज सापडलेला असतो.

चुकण्यापासून सुरुवात

पहिल्या भागाचं नाव ‘बीइंग राँग ऑन द इंटरनेट’, इंटरनेटवर चुकणं. लाखो लोक पाहणार अशा व्हिडिओत आपली चूक राहिली की काय होतं, ती कशी दुरुस्त करायची, लोक कसे तुटून पडतात, यावर दोघे बोलले. दोघांच्याही धंद्यातलं हे खरं दुखणं. शिकवणाऱ्याने चुकीचं शिकवलं तर ती चूक फार दूर जाते.

पहिल्याच दिवशी हा विषय निघाल्यामुळे कार्यक्रमाला एक वळण लागलं. पुढच्या भागांची सुरुवात मागच्या भागावर लोकांनी काय कळवलं याने होऊ लागली. ‘तू म्हणालास ते चूक होतं’, ‘मी त्या देशात राहतो, इथे असं नसतं’, ‘मी वैमानिक आहे, तुम्ही सांगितलेल्या बटणाचा उपयोग वेगळा’. हा पाठपुरावा कधी कधी इतका लांबायचा की नव्या विषयाला हात लागेपर्यंत तास उलटलेला असायचा.

रेडिओच्या किंवा वाहिनीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ही उधळपट्टी वाटेल. नवा श्रोता मध्येच आला तर त्याला काही कळणार नाही, म्हणून मागचं उगाळू नका, असं तिथे शिकवतात. ‘हॅलो इंटरनेट’ने उलटं केलं, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय तो हाच.

विचार करा, प्रत्यक्षात मित्र कसे बोलतात. चहाच्या टपरीवर रोज भेटणारी दोन माणसं ‘आज आपण हवामानबदल या विषयावर बोलू’ असं म्हणत नाहीत. ‘अरे, त्या दिवशी तू त्या घराचं सांगत होतास, त्याचं काय झालं?’ इथून ती सुरू होतात. गप्पांचं पहिलं वाक्य जवळजवळ नेहमी मागच्या गप्पांचं शेवटचं वाक्य असतं. एवढं साधं निरीक्षण, पण माईक समोर आला की आपण ते विसरतो. माईक लागला की आपल्याला प्रस्तावना सुचते, विषयाची ओळख करून द्यावीशी वाटते, आणि मित्र हरवून दोन निवेदक उरतात.

मागचं बोलणं पुढे नेलं की आणखी एक होतं. ऐकणाऱ्याला बसायला जागा मिळते. त्याने कळवलेली गोष्ट पुढच्या भागात निघाली, त्याच्यामुळे ग्रेला आपलं मत बदलावं लागलं, तर तो गप्पांतला तिसरा माणूस होतो. या श्रोत्यांना नावही पडलं होतं, ‘टिम’. सगळेच टिम. आपल्याकडे कट्ट्यावर एखादा असा असतोच, जो फारसं बोलत नाही पण ज्याच्याकडे पाहूनच बोलणारे बोलतात. तो उठून गेला की गप्पा विस्कटतात.

दोघे एकमेकांना गृहपाठही द्यायचे. अमुक सिनेमा पाहून ये, तमुक मालिका बघ, पुढच्या वेळी बोलू. मग श्रोतेही तो गृहपाठ करायचे. दोन भागांमधले पंधरा दिवस रिकामे राहायचे नाहीत, ते वाट पाहण्यात जायचे.

झेंडा

आता मतमोजणीकडे परत येतो, कारण या आठवणीच्या पुंजीतून काय उभं राहू शकतं याचा तो नमुना आहे.

ग्रेला झेंड्यांचं फार वेड. ब्रेडीलाही त्याची लागण झाली. कुठल्या देशाचा झेंडा सुंदर, कुठल्या देशाने चिन्हांची खिचडी केली, लायबेरियातल्या परगण्यांचे झेंडे कसे, यावर भागच्या भाग गेले. त्याच सुमारास न्यूझीलंड आपला राष्ट्रध्वज बदलायचा की नाही यावर सार्वमत घेत होतं. तिथे पहिली फेरी २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली. पाच पर्याय होते आणि मतदारांनी त्यांना पसंतीक्रम द्यायचा होता.

बोलता बोलता प्रश्न आला की आपल्या पॉडकास्टलाही झेंडा का नसावा. श्रोत्यांनी नक्षी पाठवल्या, त्यांतून पाच निवडल्या गेल्या, आणि मतदान ठरलं. पोस्टाने! ज्याचं नाव ‘हॅलो इंटरनेट’ त्याने मत मात्र कागदावर लिहून, तिकीट लावून मागवलं. बटण दाबून मत देता आलं असतं तर मतांचा पूर आला असता, आणि त्यात खरी किती, एकाच माणसाने शंभरदा दिलेली किती, हे कळलं नसतं. तिकीट चिकटवून पेटीपर्यंत चालत जाणारा माणूस एकदाच जातो, आणि मनापासून जातो.

मतही एकाच झेंड्याला द्यायचं नव्हतं, क्रम लावायचा होता. ग्रेने २०११ मध्येच निवडणूक पद्धतींवर, प्राण्यांच्या राज्याचं रूपक घेऊन, व्हिडिओ केले होते. सर्वांत जास्त मतं तो विजयी, या पद्धतीत कसा घोळ होतो हे तो वर्षानुवर्षं समजावत होता, त्यामुळे स्वतःच्या निवडणुकीत तो ती वापरणं शक्यच नव्हतं.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांनी उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहिलेलेच असतात, आणि निकालाच्या रात्री ‘दुसऱ्या पसंतीची मतं मोजायला घेतली’ हे वाक्य बातम्यांत ऐकलेलं असतं. पहिल्या पसंतीत कुणीच निम्म्यापलीकडे गेलं नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बाकीच्यांना मिळते. यातून निकाल फिरू शकतो. न्यूझीलंडमध्ये तो खरंच फिरला. पहिल्या पसंतीत लाल-पांढऱ्या-निळ्या रंगातला झेंडा ४१.६४ टक्के मतांनी पुढे होता आणि काळ्या-पांढऱ्या-निळ्या रंगातला ४०.१५ टक्क्यांवर होता. बाकीच्यांच्या पसंत्या वाटल्यावर दुसरा ५०.५८ टक्क्यांनी जिंकला. पुढे मार्च २०१६ मध्ये त्याची गाठ जुन्या राष्ट्रध्वजाशी पडली आणि ५६.६ टक्के लोकांनी जुनाच ठेवा म्हणून सांगितलं.

पॉडकास्टच्या निवडणुकीत ‘नेल अँड गिअर’, म्हणजे खिळा आणि दातेरी चाक असलेला झेंडा, निवडून आला. हरलेल्या ‘फ्लॅगी फ्लॅग’चे कट्टर पाठीराखेही मागे उरले आणि त्यांनी आपली निष्ठा सोडली नाही. पुढच्या वर्षांत जिंकलेला झेंडा श्रोत्यांच्या शर्टांवर आणि बिल्ल्यांवर दिसू लागला. अनोळखी गावात एखाद्याच्या दप्तरावर तो बिल्ला दिसला की दोन परके लोक एकमेकांशी बोलायला थांबायचे.

यात कळण्यासारखं काय आहे? झेंड्याची कल्पना कुणी प्रसिद्धीच्या बैठकीत काढलेली नव्हती. झेंड्यांवरचे रटाळ वाटू शकतील असे तासन् तास आधी खर्ची पडले होते. श्रोता ते ऐकत ऐकत झेंड्यांचा जाणकार झाला होता. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे मत होतं. हेच कुणी पहिल्या भागात ‘आमचा झेंडा निवडा’ म्हणून सांगितलं असतं तर दहा पत्रंही आली नसती.

एकदा त्यांनी एक खास भाग फक्त ग्रामोफोनच्या तबकडीवर काढला. ऐकायचा तर तबकडी वाजवायचं यंत्र हवं. त्यामागेही हीच ओढ दिसते. हवेत विरणाऱ्या बोलण्याला हातात धरता येईल असं काहीतरी रूप द्यायचं.

एक शब्द

गप्पांतून झेंडा निघाला तसा एक शब्दही निघाला. दुसऱ्याने कष्टाने केलेला व्हिडिओ उतरवून घ्यायचा, आपल्या पानावर चढवायचा आणि त्याच्या पाहणाऱ्यांचा फायदा आपण घ्यायचा, या प्रकाराला काय म्हणावं असा प्रश्न दोघांना पडला होता. ‘पायरसी’ म्हटलं तर सिनेमाची चोरटी प्रत डोळ्यांपुढे येते. ‘चोरी’ म्हटलं तर मूळ वस्तू मालकाकडेच असते, मग चोरी कसली, असा वाद निघतो. सुरुवातीच्याच भागांत त्यांनी ‘फ्रीबूटिंग’ हा जुना शब्द उचलला आणि त्याला हा नवा अर्थ दिला.

‘फ्रीबूटर’ हा शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला. लुटीवर जगणारा, कुणाच्या पदरी नसलेला. आपल्या इतिहासात तो इंग्रजांनी पेंढाऱ्यांसाठी भरपूर वापरला आहे. पगार नाही, लूट हीच कमाई. ‘पेंढारी’ म्हटलं की मराठी माणसाला जे कळतं तेच त्या दोघांना म्हणायचं होतं: शेत दुसऱ्याचं, पीक कापून नेणारे हे.

शब्द चालला. २०१४-१५ मध्ये फेसबुकवर यूट्यूबचे व्हिडिओ असे सर्रास चढवले जात होते. ‘स्मार्टर एव्हरी डे’ करणारा डेस्टिन सँडलिन याने आपल्या व्हिडिओचं असं झाल्यावर हाच शब्द शीर्षकात वापरून तक्रार मांडली. तिथून तो बातम्यांत गेला. ज्या अन्यायाला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं की त्याविषयी भांडता येतं. दोन मित्रांच्या मोकळ्या गप्पांचं हे फळ मला झेंड्याहूनही मोठं वाटतं. अभ्यासगटात बसून असा शब्द मिळाला असता की नाही, शंका आहे. शब्दाला आधी थट्टेत वापरून पाहावं लागतं, चारदा जिभेवर घोळवावं लागतं, दुसऱ्याने ‘छे, हा नको’ म्हणावं लागतं. त्यासाठी मित्रच लागतो.

कात्री

मोकळ्या गप्पा म्हणजे काटछाट नको, असा एक समज आहे. तो अनेक पॉडकास्टना मारतो. ‘हॅलो इंटरनेट’चं संकलन ग्रे करायचा, आणि तो माणूस आपल्या पाच मिनिटांच्या व्हिडिओवर महिनोन् महिने काम करणारा. सहज वाटणाऱ्या त्या दीड-दोन तासांमागे बराच मोठा वेळ कापून टाकलेला असायचा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. दोघे दोन शहरांत असले की इंटरनेटवरून आलेला समोरच्याचा आवाज ध्वनिमुद्रित करणं हा सोपा पण वाईट मार्ग. तो आवाज मध्येच तुटतो, पत्र्यासारखा होतो. चांगली पद्धत अशी की प्रत्येकाने आपापल्या माईकवर फक्त आपलाच आवाज मुद्रित करायचा आणि नंतर दोन्ही पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवून जुळवायच्या. दोन पट्ट्या वेगळ्या असल्या की एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचा खोकला आला तर तेवढाच काढता येतो. दोघे एकदम बोलले तर एकाला अर्धा सेकंद मागे सरकवता येतं. श्वास, अडखळणं, हसू यांतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, यात संकलनाची खरी कला. सगळं काढलं तर बातमीपत्र होतं, सगळं ठेवलं तर ऐकणारा दमतो.

पैशाची बाजू नेहमीचीच होती: भागामध्ये प्रायोजकाची जाहिरात, जी हे दोघे स्वतःच्या आवाजात वाचत, आणि पेट्रिऑनवरून श्रोत्यांची थेट मदत. त्यात वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही.

थांबणं

१३६व्या भागाचं नाव ‘डॉग बिंगो’. २८ फेब्रुवारी २०२०. नेहमीसारखाच भाग. त्यानंतर पुढचा आला नाही. निरोपाचा भाग नाही, आभार नाहीत, आठवणींची उजळणी नाही.

दोघांचीही इतर कामं चालू होती. ग्रेने २०१५ मध्येच माइक हर्ली याच्याबरोबर ‘कॉर्टेक्स’ हा कामाच्या पद्धतींवरचा पॉडकास्ट सुरू केला होता. ब्रेडीने ॲडलेडचा जुना मित्र टिम हाइन याच्याबरोबर ‘द अनमेड पॉडकास्ट’ काढला, ज्यात दोघे आपण कधीच न करणार असलेल्या पॉडकास्टच्या कल्पना एकमेकांना सांगतात. म्हणजे दोघांनाही दुसऱ्या माणसाबरोबर बसून बोलायची ओढ होती, आणि दोघांनीही तशी माणसं शोधली.

पण ग्रेच्या जागी दुसरा कुणी बसवून ‘हॅलो इंटरनेट’ चालू ठेवणं कुणाच्या मनातही आलं नसेल. वर्तमानपत्राचा संपादक बदलतो, नाटकात एका भूमिकेत दुसरा नट उभा राहतो, आकाशवाणीवर निवेदक बदलले तरी कार्यक्रम चालतो. दोन मित्रांच्या पॉडकास्टमध्ये हे होत नाही, कारण आठवण दोघांच्या मध्ये साठलेली असते. ती एकट्याला पुढे नेता येत नाही आणि तिसऱ्याला देता येत नाही. या प्रकारच्या कार्यक्रमाचं बळ जिथे आहे, बरोबर तिथेच त्याचा कच्चा दुवा आहे. संस्था उभी राहत नाही. जे उभं राहतं ते एक नातं असतं, आणि नात्याला उत्तराधिकारी नसतो.

निरोप न घेता थांबले, याचं अनेक श्रोत्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. आज मागे वळून पाहताना त्यातली एक गोष्ट मात्र पटते. खऱ्या आयुष्यातही मित्रांच्या गप्पा अशाच थांबतात. कुणी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला जातं, कुणाला मूल होतं, रोजचा कट्टा आठवड्यावर जातो, मग महिन्यावर. ‘आजची ही शेवटची बैठक’ असं म्हणून कुणी उठत नाही. ‘चल, बोलू मग’ म्हणूनच सगळे उठतात.

तरी माझं मत असं, की ज्यांनी तिकीट लावून मत पाठवलं त्यांना एक ओळ कळवायला हवी होती. दोन मित्र एकमेकांना न सांगता समजून घेतात. तिसरा, जो सहा वर्षं शेजारी गप्प बसून ऐकत होता, त्याला ते समजायला काही मार्ग नव्हता. त्याला जागा यांनीच दिली होती.

ज्यांना मराठीत असा पॉडकास्ट सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी, हे प्रकरण वाचून मी एकच करून बघायला सांगेन. पहिला भाग मुद्रित झाल्यावर दुसऱ्यासाठी विषय शोधू नका. पहिला भाग दोघांनी वेगवेगळा बसून ऐका, हातात कागद घ्या, आणि समोरचा जिथे चुकला, जिथे अर्धवट राहिला, जिथे त्याने काही कबूल करून पटकन विषय बदलला, ती ठिकाणं लिहून ठेवा. मग माईक सुरू करा आणि पहिलं वाक्य म्हणा: ‘मागच्या वेळी तू म्हणालास…’

‘हॅलो इंटरनेट’चे भाग आजही ऐकता येतात. सुरुवात करायची तर पहिल्यापासूनच करावी, मधूनच उचलू नये. एकोणीस-विसाव्या भागापर्यंत दोघांचे आवाज ओळखीचे होतात. पन्नासाव्यापर्यंत झेंड्यांविषयी तुमचं स्वतःचं मत तयार झालेलं असतं, आणि मग मतमोजणीचा तो भाग येतो.